गुरुवारची नखं

मी प्रार्थनेच्या मध्यावर होतो तेव्हा पलंगाच्या पलीकडून कट् असा आवाज आला. डोळे मिटूनच मी प्रार्थना पुढं चालवली. पुन्हा कट्. थोडं थांबून तिसरा. आमेन म्हणून डोळे उघडले तर सारजाबाई बोर्डे पलंगावरच्या म्हाताऱ्याचा हात मांडीवर घेऊन बसली होती आणि नेलकटरनं त्याची नखं काढत होती. कापलेली नखं तिनं पदरात धरली होती.

ही पंचाण्णव सालची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी मिशनचा दवाखाना आहे. दर गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, सहा-सात जण तिथं आजाऱ्यांना भेटायला जायचो. कुणी वचन वाचायचं, सगळ्यांनी एक गीत म्हणायचं, आणि शेवटची प्रार्थना माझी. मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. चोवीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्या. त्यामुळं मंडळीत माझी चेष्टा व्हायची, की शिरसाठभाऊ प्रार्थनेला उभे राहिले की आता संगमनेर गाडी फलाटाला लागणार. पण प्रार्थना करावी तर शिरसाठांनी, असंही हेच लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. माझ्याजवळ देवाचं काही दान असेल तर ते हेच, असं मी धरून चाललो होतो.

वॉर्डाबाहेर आल्यावर मी सारजाबाईला बाजूला घेतलं. म्हणालो, प्रार्थना चालू असताना हे बरं दिसत नाही. ती खाली बघत म्हणाली, "चुकलं भाऊ." पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. या वेळी आवाज कमी यावा म्हणून तिनं नेलकटरवर रुमाल धरला होता, एवढाच फरक.

सारजाबाई मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या करायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. वाचता येत नव्हतं. आमच्याकडं साखळी प्रार्थना असते. गोल बसायचं आणि एकामागून एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. सारजाबाईची पाळी आली की सगळं थांबायचं. ती तोंड उघडायची, मिटायची. कुणीतरी खोकायचं, आणि मग शेजारची बाई आपली प्रार्थना सुरू करायची. चार वर्षांत तिच्या तोंडून एक ओळ आम्ही ऐकली नव्हती.

त्या वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी एक काम काढलं. देवानं प्रत्येकाला काही ना काही दान दिलेलं आहे, ते ओळखायचं, आणि त्याप्रमाणं कामं वाटायची. कल्पना चांगली होती. मंडळीचा सेक्रेटरी म्हणून यादी करायचं काम माझ्याकडं आलं. उपासनेनंतर टेबल मांडून बसलो. लोक येऊन सांगत होते आणि मी लिहीत होतो. गायन. शिकवणं. पाहुणचार. एकानं स्वतःच्या नावापुढं नम्रता लिहायला लावलं. सारजाबाई शेवटी आली.

"तुमचं काय लिहू?"

"मला कुठं काय येतं, भाऊ."

"काहीतरी असेलच."

"भाकऱ्या येत्यात."

रांगेत मागं कुणीतरी हसलं. मी तिच्या नावापुढं आडवी रेघ मारली. आणि यादी झालीच आहे तर आणखी एक गोष्ट निकालात काढावी म्हणून तिला सांगितलं, की गुरुवारच्या भेटीला आता ज्यांना मोठ्यानं प्रार्थना करता येते त्यांनीच यावं असं ठरतंय. तुम्ही आधी शिकून घ्या, मग या. ठरत वगैरे काही नव्हतं. ते मीच ठरवलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि मागच्या दारानं गेली.

घरी जेवताना हे मी सगुणाला सांगितलं. सगुणा माझी बायको. तीस वर्षं ती रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेत होती. कुणात काय आहे ते तिला दिसायचं आणि दिसलं की ती तोंडावर सांगून मोकळी व्हायची. आमच्या गल्लीतल्या शिंप्याची मुलगी कुणाशी बोलायची नाही. सगुणा तिला म्हणाली होती, तू किती नीट ऐकतेस गं, तुझ्याशी बोललं की माणसाला बरं वाटतं. त्या मुलीनं पुढं नर्सिंग केलं.

सगुणानं माझं सगळं ऐकून घेतलं. भाजीचं भांडं झाकलं. मग म्हणाली, "तिच्यात काय आहे ते सांगायला तुम्ही बसला होता. काय नाही ते सांगून आलात."

मी म्हणालो, नखं काढणं हे काय दान आहे का, पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय दाखव. तीही एकदोनदा आमच्याबरोबर दवाखान्यात आली होती. ती म्हणाली, एखाद्या गुरुवारी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करा, मग दिसेल. मला राग आला. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी तिनं विषय काढला नाही, मीही काढला नाही. तो तसाच राहिला. आता वाटतं, तेव्हा विचारायला हवं होतं. तिला काय दिसलं होतं ते तिनं सांगितलं असतं.

त्याच वर्षी नाताळाच्या आठवड्यात सगुणा मुलांच्या नाटुकल्याचे कपडे शिवत बसली होती आणि मशीनवरच कलली. लकवा. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आणली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. बरं. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं. रडायची तेव्हाही बरं बरं करूनच रडायची. तिला सगळं समजत होतं. डोळ्यांवरून कळायचं. बाहेर मात्र तेवढंच यायचं.

आमचा मुलगा सुरतेला. तो येऊन राहिला आणि रजा संपल्यावर गेला. मी नोकरीतून वेळेआधी निवृत्ती घेतली. तिचं सगळं मी करायला शिकलो. प्रार्थना मात्र सोडली. ठरवून नाही. एका रविवारी पाळकसाहेबांनी नाव घेतलं, मी उभा राहिलो आणि काहीच बोललो नाही. लोकांना वाटलं, दुःखानं गळा भरून आला. गळा भरला नव्हता. मला देवाशी बोलायचं नव्हतं.

दोन-तीन महिन्यांत सगुणाचा उजवा हात आखडत गेला. बोटं आत वळली आणि मूठ घट्ट बसली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, रोज हळूहळू उघडत राहा. मी प्रयत्न करायचो. पण बोटाला नुसता हात लावला की ती ओरडायची, आणि जितकी ओरडायची तितकी मूठ आणखी आवळायची. मी सोडून द्यायचो. तिला दुखवायला माझा हात होत नव्हता. माझी चूक तिथं झाली. आत नखं वाढत होती. एके दिवशी मुठीला वास यायला लागला. दवाखान्यात नेली तेव्हा कळलं की नखं तळव्यात घुसली आहेत आणि आत जखम चिघळली आहे. तिला साखर होती. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, दोन दिवसांत नखं निघून जखम साफ झाली पाहिजे. नाहीतर भूल द्यावी लागेल, आणि तिच्या हृदयाला भूल झेपेल याची मला खात्री नाही. आणि जखम तशीच ठेवली तर हातावर बेतेल.

त्या दिवशी दोन नर्सनी प्रयत्न केला. एकीनं मनगट धरलं, एकीनं कात्री घेतली. सगुणा इतकी ओरडली की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बाहेर गेली. कात्री बोटाला लागली, रक्त आलं, नख तसंच राहिलं. सिस्टर अल्हाट, वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर, घाम पुसत माझ्याकडं वळल्या.

"शिरसाठभाऊ, तुमच्या त्या नखं काढायच्या बाई कुठं गेल्या?"

मी विचारलं, कोण?

"तुमच्याबरोबर यायच्या गुरुवारी. आमच्या हाताला जे पेशंट लागायचे नाहीत ते त्यांच्या हाताला लागायचे. अजून लोक विचारतात. आजारी पडल्या का?"

मी म्हणालो, नाही. मी त्यांचं येणं बंद केलं.

सिस्टर ट्रे उचलून गेल्या.

बोर्डिंगचं स्वयंपाकघर दवाखान्यामागंच आहे. मी गेलो तेव्हा सारजाबाई काटवटीपुढं बसली होती. ऐंशी मुलांच्या भाकऱ्या. चुलीचा धूर, भाकरी थापल्याचा आवाज. तिनं माझ्याकडं बघितलं आणि थापत राहिली. मी दारातूनच सगळं सांगितलं. मूठ, नखं, डॉक्टर काय म्हणाले ते. सगुणाचं नाव ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"बाईंचा उजवा हात?"

"उजवा."

"तुम्ही प्रार्थना म्हणणार असाल तर येते."

मला वाटलं ती मागचं उट्टं काढतेय. मी म्हणालो, "सारजाबाई, मी चुकलो. यादीत तुमच्या नावापुढं मी रेघ मारली होती. मला ते करायचा अधिकार नव्हता. आता फक्त चला."

"रेघेचं मला ठावं न्हाई, मला वाचता येत न्हाई." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी तसं म्हणत न्हाई भाऊ. तुम्ही प्रार्थना म्हणणार का, एवढंच विचारते."

मी खरं सांगितलं. म्हणालो, दोन महिने झाले, मी केलेली नाही. येत नाही.

"मग मी येऊन काय करू? एकटीला न्हाई जमत मला."

मी ते नम्रतेचं बोलणं समजलो. म्हणालो, सिस्टर स्वतः म्हणाल्या तुम्हाला जमतं म्हणून, तुम्ही चला तरी. तिनं हात धुतले, उरलेलं पीठ दुसऱ्या बाईकडं सोपवलं आणि आली.

वॉर्डात आल्यावर ती सगुणाच्या उजव्या अंगाला स्टूल घेऊन बसली. मुठीला हात लावला नाही. स्वतःच्या तळव्यांना खोबरेल तेल चोळलं, सगुणाचं कोपर एका हातात घेतलं आणि तो जड हात आपल्या मांडीवर ठेवला. सगुणानं ओरडायला तोंड उघडलं. सारजाबाई म्हणाली, "न्हाई बाई, काही करत न्हाई. बसलेय नुसती." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणा."

"काय म्हणू?"

"तुमची नेहमीची. लांबलचक."

सिस्टर अल्हाट ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो. हे परमेश्वरा, इतकं म्हणालो आणि पुढं काही नाही. पूर्वी जे आपोआप यायचं, स्वर्गीय पित्या, कृपाळू, दयाळू, त्यातलं काही जिभेवर येईना. आलं असतं तरी ते खोटं वाटलं असतं. मी सगुणाकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिला काय हवं असेल याचा विचार केला, आणि घरचंच बोलायला लागलो. देवा, सगुणाच्या कोंबड्या शेजारी सांभाळतायत, तांबडी खुडूक झालीय. नाटुकल्याचे कपडे अर्धवट राहिले होते, ते मंडळीतल्या मंगलनं पुरे केले, मेंढपाळाचा अंगरखा लांब झाला. शब्बाथ शाळेची मुलं विचारतात. मोरीचा नळ अजून गळतोय, माझ्याच्यानं होत नाही. डोळे मिटायचे राहूनच गेले होते.

म्हणून मला दिसलं. सगुणाची करंगळी सुटली. कुणी हात लावलेला नव्हता. आवळलेली करंगळी हळूच सैल होऊन बाजूला आली, झोपलेल्या माणसाची येते तशी.

मी थक्क होऊन थांबलो. करंगळी लगेच आत गेली.

"थांबू नका, भाऊ," सारजाबाई हळू आवाजात म्हणाली.

मी पुन्हा सुरू केलं. या वेळी मी शब्दांकडं लक्ष दिलं नाही, हाताकडं दिलं. आवाज एका पट्टीत ठेवला. मधे थांबलो नाही. करंगळी सुटली, तिच्यामागं शेजारचं बोट. सारजाबाईनं त्या फटीत तेलाचं बोट घातलं, नुसतं ठेवलं, आणि वाट बघत बसली. मी गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी प्रार्थना केली. घरं संपली. मंडळीतल्या लोकांसाठी केली. यादीच्या क्रमानंच नावं घेतली, सगळी आठवत होती. तीही संपली. मग सकाळच्या सहा-दहाच्या संगमनेर गाडीच्या ड्रायव्हरसाठी केली, सहा-चाळीसच्या नाशिकसाठी केली, आणि तशी दिवसभराच्या सगळ्या गाड्यांसाठी, एकेका फलाटावरून. सिस्टर अल्हाट भिंतीकडं तोंड करून हसल्या असाव्यात. माझा घसा बसत चालला होता. पलीकडून कट् असा आवाज येत होता, थांबून पुन्हा येत होता. पाच आवाज मी मोजले.

रात्रीच्या शेवटच्या गाडीला पोहोचलो तेव्हा सगुणाचा तळवा पूर्ण उघडा होता. चार खोल जखमा होत्या, अर्धचंद्रासारख्या. सिस्टरांनी त्या धुतल्या, औषध भरलं, बोटांखाली मऊ कापडाची गुंडाळी ठेवली. सगुणा एकदाही ओरडली नाही. मी आमेन म्हणालो.

"बरं," सगुणा म्हणाली.

तो शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकत होतो. या वेळी तिला तोच म्हणायचा होता.

सारजाबाई कागदात नखं बांधत होती. मी तिला विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं?

"काय?"

"की माझ्या आवाजानं मूठ सुटते."

ती माझ्याकडं नवलानं बघायला लागली. म्हणाली, दुखण्यातलं माणूस मूठ आवळूनच असतं, जागेपणी तर असतंच असतं. तुम्ही प्रार्थना म्हणायला लागलात की हात सुटायचे. कुणाचे लवकर, कुणाचे उशिरा. दुसऱ्या कुणी म्हटली तर न्हाई सुटायचे, बघितलं मी. म्हणून मी तेवढ्यातच उरकून घ्यायची. तुम्ही बोलला, की बरं दिसत न्हाई. पण आमेन झाल्यावर हात परत मिटायचे, मग काय करणार?

मी स्टुलावर बसलो. आपलं दान म्हणजे आपले शब्द, असं मी वीस वर्षं समजत होतो. शब्द जुळवत होतो, चांगले शब्द पाठ करत होतो. त्या म्हाताऱ्यांतल्या निम्म्यांना ऐकूही येत नसेल.

"मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुम्हाला ठावं असंल," सारजाबाई म्हणाली. "ज्याचं दान त्याला ठावं असतंच की."

"नसतं," मी म्हणालो. "तुम्हाला तरी कुठं आहे?"

ती म्हणाली, नखं काढणं हे काय दान झालं का. हे माझंच वाक्य होतं, सगुणापुढं म्हटलेलं. मी सारजाबाईला सांगितलं, जे मला डोळे मिटून वीस वर्षांत दिसलं नाही, डॉक्टरांना दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं. कुणाचा हात कधी सुटतो हे तुम्ही बघत बसता. सुटेपर्यंत ओढत नाही. हे सगळ्यांना येत नाही, सारजाबाई. मी नवरा असून मला आलं नाही. मी बोलत होतो आणि ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत गेलं. असं तिला कुणी कधी सांगितलं नसावं. सगुणानं सांगितलं असतं. मी सगुणाला विचारून सारजाबाईला घरी बोलावलं असतं तर.

ती उठली. म्हणाली, पोरं जेवायची खोळंबली असतील.

रविवारी मी उपासनेत उभा राहून सगळं सांगितलं. यादीबद्दल, रेघेबद्दलही. नम्रता लिहायला लावणारा गृहस्थ नंतर येऊन म्हणाला, की आपल्या नावापुढचं तेवढं खोडून टाका. गुरुवारी सारजाबाई पुन्हा यायला लागली. सगुणाला मी चाकाच्या खुर्चीतून न्यायचो. डाव्या हातानं ती आजाऱ्यांना थोपटायची.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सगुणा गेली. झोपेत गेली, हात उघडा होता.

त्यानंतर मी कुठं जायचं सोडलं. रविवारी मंडळीत शेवटच्या बाकावर बसायचो आणि आशीर्वादाआधी उठायचो. गुरुवारचं मनातूनही काढून टाकलं. सात-आठ आठवडे झाले असतील. एका दुपारी फाटकाची कडी वाजली. सारजाबाई होती. ती आत आली नाही. मीही या म्हणालो नाही.

ती म्हणाली, बायांच्या वॉर्डात एक म्हातारी आलीय, घोटीकडची. लकव्याची. कुणाला हात लावू देत न्हाई.

मी म्हणालो, "सारजाबाई, माझ्याजवळ आता शब्द नाहीत."

"शब्द कुणाला पाहिजेत," ती म्हणाली. "आवाज आहे ना?"

मी मग आत जाऊन सदरा बदलला आणि दाराला कुलूप लावलं.